डोहातला दगड

नोरा हॅलोरन खुर्चीवर टेकली, ती शालही न काढता.

"सोमवारी माझ्या नवऱ्याचा खटला उभा राहतोय," ती म्हणाली. "फाशी होईल म्हणतात."

बाजारभाव सांगावा तसं तिनं सांगितलं. गावातल्या गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या एझ्रा कॉर्विननं वर पाहिलं. त्याचा सोबती टोबी ब्रँट मात्र बटाट्याचं कालवण ओरपत राहिला. टोबीनं निम्मं आयुष्य कालव्यावरच्या होड्यांत घालवलं होतं आणि भुकेपुढे त्याला काही दिसत नसे.

हॅरो लॉक हे आमचं गाव इलिनॉयच्या कालव्याकाठी, चुनखडीच्या खाणीला लागून आहे. नोराचा नवरा कॉन हा कालव्याच्या दरवाज्यांचा राखणदार. हिवाळ्यात कालवा रिकामा करतात, पण दरवाज्याखालचा डोह कधी उपसत नाहीत. यंदा कुजलेला दरवाजा बदलायचा म्हणून तोही उपसला. तळाशी खाणीचा मुकादम गुस्ताफ एकलुंड सापडला. पोटाला साखळी, साखळीला दगड. ऑगस्टपासून तो बेपत्ता होता आणि शिकागोला पळाला असं धरून गाव त्याला विसरलंही होतं.

"कॉनचं आणि त्याचं भांडण होतं?" एझ्रानं विचारलं.

"ऑगस्टमधल्या एका रविवारी खाणीची होडी सोडायला कॉननं नकार दिला. अख्ख्या गावासमोर शिव्यागाळी झाली. त्या रात्रीपासून गुस्ताफ दिसला नाही. धक्क्यावर खाणीतून नुकताच आलेला दगड पडून होता, त्यातलाच एक कॉननं बांधला, असं शेरीफ म्हणतो."

"आणि कॉन?"

"'मी नाही' म्हणतो. आता तेही म्हणायचं सोडलंय त्यानं."

गुस्ताफला बांधलेला तो दगड डोहाच्या काठावर अजून पडला होता, चिखलानं माखलेला. एझ्रानं खिशातून खिळा काढला आणि जोर लावून ओढला. खिळा घसरला, दगडावर रेघ उमटली नाही.

"आता दगडाचीही उलटतपासणी का?" टोबी म्हणाला.

"माणसांपेक्षा बरा. उत्तर तरी देतो."

गुस्ताफची बायको हेडा कालव्याला लागूनच राहायची. होड्या ओढणारी खेचरं तिच्याच तबेल्यात असत. दारात चढताना टोबीचा पाय अडखळला आणि त्याच्या खिळेदार बुटानं पायरीवर लांबलचक पांढरा ओरखडा काढला.

"माफ करा हं, बाई. मी म्हणजे निव्वळ बैल."

"असू दे," हेडा म्हणाली.

"लग्नातली पायरी ना?" एझ्रानं सहज विचारलं. खाणकऱ्याच्या लग्नात सोबती दाराची पायरी घडवून देतात, ही इथली रीत.

"हो. दहा वर्षं झाली."

"नवरा कसा होता?"

"पिऊन यायचा." तिनं खेचराचा पट्टा खुंटीला लावला. "चहा घ्याल?"

थडगी कोरणारा अँटन ग्रिझबेक हा संशय घ्यावा असा तिसरा. गुस्ताफनं त्याला खाणीतून हाकललं होतं.

"मेला ते बरं झालं, लिहून घ्या पाहिजे तर!" ओल्या दगडात अक्षरं खोदत तो म्हणाला. छिन्नी साबणात जावी तशी जात होती.

"इतका मऊ?"

"जमिनीतून निघालेला दगड ओलाच असतो, साहेब. उन्हापावसात वर्षभर वाळला की लोखंड होतो. मग छिन्नी मोडते. म्हणून मी वाळलेला दगड अंगणात ठेवतच नाही."

"आणि ओलाच पाण्यात टाकला तर?"

"वाळणार कसा? मऊच राहील."

संध्याकाळी एझ्रानं शेरीफ आणि नोराला हेडाच्या घरी बोलावलं.

"शेरीफसाहेब, धक्क्यावरचे दगड ओले होते. त्यातला एखादा डोहात गेला असता तर अजून मऊ असता. गुस्ताफला बांधलेल्या दगडावर खिळा चालत नाही. म्हणजे पाण्यात जाण्याआधी तो वर्षानुवर्षं वाळला होता. तो धक्क्यावरचा नव्हे, अँटनचाही नव्हे."

"मग कुणाचा?"

"वाळलेला दगड गावात घरांनाच असतो. दहा वर्षांच्या पायरीवर बुटाचा ओरखडा उठत नाही, हेडाबाई. तुमच्या उठला. ही पायरी गेल्या ऑगस्टात खाणीतून आलीय, अजून वाळलेली नाही. जुनी डोहात होती. माणूस आणि पायरी, दोन्ही ओढायला खेचरं तुमच्याकडेच आहेत."

"पण पायरी का काढावी?" टोबीला राहवेना.

हेडानंच उत्तर दिलं. "रक्त प्यायला होता तो दगड. दोन दिवस घासला. निघेना." ती शांतपणे हात पुसत होती. "त्यानं चाबूक उगारला, मी जुवाचं लाकूड घातलं. दारातच पडला. डोह कधी उपसत नाहीत, असंच पाहत आले होते मी."

"आणि कॉनला फासावर जाऊ दिलं असतंस?" नोरानं विचारलं.

हेडा विचारात पडली. खरंच आठवून पाहावं तशी.

"जाऊ दिलं असतं बहुतेक. काही वाटतच नाही गं मला. वाटायला हवं, एवढं कळतं."

शेरीफनं तिचा दंड धरला. आता नोरा तिच्या अंगावर धावून जाणार असं टोबीला वाटलं. नोरा जागची हलली नाही.

"मलाही नाही वाटत काही," ती म्हणाली. "माझा माणूस सुटला, तरी नाही. तो मारतो हे तू आधीच मला सांगायला हवं होतंस, हेडा. शेजारी होतो आपण."

मग शाल आवळून ती कॉनला आणायला गेली.