होळीच्या दुपारचा ठिपका

"माझ्या पोराने आपल्याच आयशीची जागा रिकामी लिवलीन? कोण म्हणतो, त्याला पुढे आणा!"

सोनूबाईंच्या आवाजाने रत्नागिरीतल्या त्या कॉलेजची संगणक प्रयोगशाळा हादरली. त्यांचा भावेश तिथे भूमाहितीशास्त्राच्या एम.एस्सी.ला, पहिल्या वर्षाला होता. तो मान खाली घालून उभा होता.

विभागाने काढलेला किनाऱ्याचा नकाशा त्याच दुपारी जनसुनावणीत जायचा होता. त्यात खाडीकाठची मासळी वाळवायची जागा चक्क 'पडीक' दाखवली होती. तसं ठरलं की तिथे रिसॉर्ट उभं राहणार, मग सोनूबाईंसारख्या बायकांनी मासळी वाळवायची कुठे? गेल्या आठवड्यात बायकांनी आरडाओरडा केला, तेव्हा प्रकल्पप्रमुख दीपक सरांनी सगळ्या वस्तीसमोर नकाशावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. नोंद उघडली: होळी पौर्णिमा, दुपारी बारा, जागेवर उभं राहून पाहणी, मासळी नाही. पाहणी करणारा, भावेश.

तेव्हापासून वस्तीत भावेशशी कोणी बोलत नव्हतं. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या मनिषा मॅडमचं डोकं सकाळपासून तापलं होतं. प्राचार्यांना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"भावेश, होळीला कुठे होतास?"

"पालखीत, मॅडम. अख्खा गाव सांगेल."

"गाव याचाच," दीपक सर हसले. "दुसरं काय सांगणार?"

त्या हसण्याने मनिषा मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या नोंदी कोण भरू शकतं?"

"आम्ही तिघंच," ईशा म्हणाली. ही भावेशच्याच वर्गातली, आंजर्ल्याची मुलगी, घरची होडी असलेली. "मी, भावेश आणि सर. कुठूनही भरता येतात."

"सर, होळीला तुम्ही कुठे होतात?"

"घरी, साताऱ्याला. सुट्टी होती."

मॅडमनी ठिपक्याखाली उपग्रहाचं चित्र लावलं. ठिपका ओढून ठेवलेल्या होड्यांच्याही पुढे, खाडीच्या बाजूला पडला होता. तिथे नुसती मोकळी वाळू.

"ईशा, होळीला दुपारी बारा वाजता तू इथे गेली असतीस?"

"काहीतरीच काय, मॅडम!"

"आणि सर, तुम्ही?"

"का नाही? सरळ चालत जायचं. वाळू दिसतेय की!"

मॅडमनी टेबलावर हात आपटला.

"वाळू दिसतेय, कारण हे चित्र ओहोटीचं आहे! पुनवेला आपल्याकडे भरदुपारी भरती असते, सर. होळीच्या दुपारी या ठिपक्यावर छातीएवढं पाणी होतं. तिथे उभं राहून कोणीही पाहणी केलेली नाही. खुर्चीत बसून, चित्रात सगळ्यात मोकळी दिसली ती जागा कोणीतरी निवडली. भावेशला किंवा ईशाला खोटंच लिहायचं असतं, तर त्यांनी ही वेळ घातलीच नसती. किनाऱ्यावरची मुलं आहेत ती. तिघांत भरती ठाऊक नसलेले तुम्ही एकटे."

दीपक सर चित्र बंद करायला पुढे झाले, तशा मॅडम आडव्या आल्या.

"रिसॉर्टवाल्यांचे सल्लागारही तुम्हीच. आणि नाव भावेशचं का? तर मच्छीमाराच्याच पोराने पडीक म्हटलं की कोणाचं तोंड उघडणार नाही! लाज कशी नाही वाटली?"

"एका ठिपक्यासाठी एवढा तमाशा?" सर पुटपुटले. "काढून टाकतो."

प्राचार्य खाकरले. "मॅडम, कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. आतल्या आत मिटवू या."

"वस्तीसमोर पोराची अब्रू घेतलीत, ती आतल्या आत होती का?" मॅडम प्राचार्यांकडे वळल्या. "नकाशा खोटा आहे आणि तो कोणी खोटा केला, दोन्ही सुनावणीत सांगायचं. तुम्ही नाही तर मी सांगेन, नोकरी गेली तरी बेहत्तर."

"तुम्ही नको, मॅडम."

भावेशने पहिल्यांदाच मान वर केली. तो थेट दीपक सरांकडे बघत होता.

"नाव माझं घातलंय ना यांनी? मग बोलणारही मीच."

सोनूबाईंनी पदर खोचला आणि लेकाच्या आधी दाराबाहेर पडल्या.