आपला भाऊ, जतीन

हात उंच करून मोबाइलला रेंज शोधत चाललेला जतीन वरोरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या दोरीत असा अडकला, की बोंबलांची माळच गळ्यात पडली.

"ओ साहेब, सत्कार नंतर करून घ्या… आधी माझे बोंबील सोडा!"

ती रुपल. ओढणी कमरेला खोचलेली, हसू आवरता आवरत नव्हतं.

मुंबईची नोकरी सोडून जतीनने डहाणूत, मामाच्या टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, मासळी विकायचं 'गळाला' नावाचं ॲप काढलं होतं. त्यात पहिलं नाव रुपलचं नोंदवलं गेलं, आणि गळाला लागला तो स्वतः जतीन.

घोळ एकच होता. मासळीवाल्या बायांना विश्वास वाटावा म्हणून त्याने रोजच्या भावाच्या मेसेजखाली टाकलं होतं— 'आपला भाऊ, जतीन'. पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्याला लागल्या, तरी हा भाऊ काही थांबला नाही.

"भाऊ," ऑगस्टमध्ये रुपल गोड आवाजात म्हणाली, "परवा नारळी पौर्णिमा. राखी आणलीय हां तुझ्यासाठी… सोनेरी!"

ती राखी हाताला बांधली की संपलंच सगळं! घरी जाऊन जतीनने घाईघाईने ॲप बदललं. रुपलच्या नंबरला 'तुझाच जतीन', बाकीच्यांना भाऊ.

पौर्णिमेला तो किनाऱ्यावर पोचला, तर सगळ्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. रुपलची आई, सोनूबाई, मोबाइल नाचवत पुढे आली.

"काय रे, 'तुझाच जतीन'? माझा नवरा तिकडे होडीची पूजा करतोय… बोलवू त्याला?"

उलटंच झालं होतं. अख्ख्या गावाला 'तुझाच', आणि एकट्या रुपलला…

"मला भाऊच आलाय," रुपलने राखी पुढे धरली. ओठ हसत होते, डोळे मात्र नाही. "म्हणजे… नक्की ना?"

जतीनने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "नाही! ॲप चुकलं. मी— मी तुझाच. फक्त तुझा. भाऊबिऊ नाही!"

रुपल लाजून लालेलाल झाली. "एवढंच बोलायचं होतं, तर ॲप कशाला काढलंस?"

तिने त्याचा मोबाइल ओढून घेतला आणि राखी त्या मोबाइललाच बांधली. "रोज भाऊ म्हणून मेसेज टाकणारा हाच ना!"

"सगळ्यांसमोर बोललायस," सोनूबाईने दम भरला, "आता माघार नाही हां!"

दुसऱ्या दिवशी वरोरभर मेसेज गेला— 'आपला जावई, जतीन'. मिनिटाभरात रुपलचा फोन.

"अरे येड्या… मला पण जावईच आलाय!"