परतीचा वारा

गोंदियाला चारशे ऐंशी किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. वेग तासाला दोनशे. म्हणजे एकूण चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मी, कनक नेहेते, तेव्हा पाचवीत होते आणि गणितात आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा पक्का समज होता. पण जळगाव विमानतळावरची ‘चिमणी’ (आपली आपण उडणारं छोटं विमान) ऐकायलाच तयार नव्हती. तिच्या पडद्यावर एकच उत्तर: पाच तास लागतील, बॅटरी अपुरी.

राखीव साठा सोडून बॅटरी चार तास पन्नास मिनिटं चालायची. गोंदियाला चार्जिंग केंद्र अजून व्हायचं होतं. त्याच्याच बांधकामासाठी तिथली वारा मोजायची जुनी खोली दुसऱ्या दिवशी पाडणार होते. त्या खोलीत आजोबा आणि आजी अकरा वर्षं नोकरीला होते. आजी आता नव्हती. आजोबांना ती खोली एकदा डोळे भरून पाहायची होती.

“वारा पश्चिमेचा, तासाला चाळीस किलोमीटर,” मी तावातावाने म्हणाले. “जाताना ढकलेल, येताना अडवेल. फिट्टंफाट!”

आजोबांनी मलाच हिशेब करायला लावला. जाताना वेग दोनशे चाळीस, म्हणून दोन तास. येताना एकशे साठ, म्हणून तीन तास. बेरीज पाच. मी खोडून पुन्हा केला, तरी पाचच.

“मदत करणारा वारा दोनच तास सोबत असतो. अडवणारा तीन तास छळतो,” आजोबा म्हणाले. “फिटणार कसं?”

एवढं सांगून त्यांनी प्रवासासाठी घातलेला कोट काढून ठेवला. मला रडू आलं. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, वर वारा आहे, तसाच खालीही असतो का?

आजोबा उठलेच. चिमणी हिशेबात नेहमीच्या उंचीवरचाच वारा धरते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या खोलीत न्यायला सोबत घेतलेल्या पेटीतून त्यांनी जपून ठेवलेलं थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) काढलं आणि एक फुगा भरला. फुगा किती वेगाने वर चढतो ते ठाऊक असतं, त्यामुळे वेळेवरून उंची कळते. दुर्बिणीच्या कोनावरून तो किती वाहवला ते कळतं. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून दुर्बिणीला डोळा मी लावला.

फुगा आधी सरळ वर गेला. मग बराच उंच गेल्यावर पूर्वेकडे पळत सुटला. म्हणजे खाली वारा जवळजवळ नव्हताच. जाताना उंचावरून दोन तास, येताना खालून दोन तास चोवीस मिनिटं. हे आकडे भरताच चिमणीने मुकाट्याने होकार दिला.

आज मी मंगळावरच्या वाऱ्यांचा अभ्यास करते. तरी मला आठवते ती गोंदियाची दुपार. परतण्याआधी खालचा वारा पुन्हा तपासायला हवा होता, म्हणून त्या खोलीच्या दारात आम्ही दुसरा फुगा सोडला. मी कोन सांगत होते, आजोबा लिहीत होते. पूर्वी आजी सांगायची. वारा अजून शांतच होता. नोंदीखाली निरीक्षकाचं नाव लिहायचं असतं. आजोबांनी सवयीने आजीचं लिहिलं आणि ते न खोडता त्याखाली माझं लिहिलं.