खुणेमागच्या ओळी

वाचनालयाच्या खिडकीपाशी एकच प्लग चालू होता, आणि त्याच्याकडे दोन हात एकदमच गेले. एक चित्रकार मुलीचा, दुसरा निळ्या सदऱ्यातल्या प्रोग्रॅमरचा.

"माझी बॅटरी चार टक्के आहे," ती म्हणाली.

"माझी तीन."

"दाखवा!"

त्यानं स्क्रीन वळवली. खरंच तीन! ती हसली, आणि प्लग आळीपाळीनं वापरायचं ठरलं. तिनं त्याचं नावच ठेवलं – प्लगवाले.

तिला मुलांसाठी पक्ष्यांचं पुस्तक काढायचं होतं, कुणालाही फुकट वाचता येईल असं. त्यानं तिला कोड एडिटर उघडून दिला. त्यातच लिहायचं, त्यातच सुधारायचं, आणि एक बटण दाबून प्रकाशित करायचं.

"पण फाईल राहते कुठे?"

"एका कुणाच्या कोठारात नाही. ज्याला आवडेल तो आपल्या संगणकावर तिची प्रत जपतो. तिचा पत्ता मजकुरावरूनच ठरतो. एक स्वल्पविराम हलवा, पत्ता नवा."

"आणि जुनी प्रत?"

"कुणी जपली तर राहते. नाहीतर हळूहळू नाहीशी होते."

"बरं, ओळीच्या सुरुवातीला ही खूण कसली?"

"तिच्यामागे स्वतःसाठी टिपण लिहायचं. पानावर दिसत नाही."

एवढं तिला पुरलं! रोज एक पक्षी, रोज एक टिपण. 'सुतारपक्ष्याची चोच लांब हवी.' त्याखाली – 'आज केस कापून आला. कान मोठे दिसतात. तरी छान…' अकराव्या दिवशी तर – 'उद्या आला नाही तर मला करमायचं नाही.' आणि रोज बटण दाबून मोकळी.

बाराव्या दिवशी ग्रंथपाल आत्यानं तिला टेबलाशी गाठलं. "काय गं, पुस्तक वाचता वाचता त्याची फाईलही उघडून पाहिली… हे मोठे कान कुठल्या पक्ष्याचे?"

तिला एकदम उमगलं. पानावर दिसत नाही, पण फाईलमध्ये असतंच की!

तिनं धावत जाऊन साऱ्या ओळी पुसल्या आणि बटण दाबलं. पत्ता नवा झाला. पण जुन्या प्रती? शेजारी तो शांतपणे काम करत होता.

"अहो… जुन्या प्रती कुणी जपल्या असतील का?"

"एकानंच. अकराच्या अकरा."

तिनं चेहरा ओंजळीत लपवला. "काढून टाका ना!"

"पुस्तक तुमचं. म्हणाल तर आत्ता काढतो." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "पण मग… मला करमायचं नाही."

तिनं बोटांच्या फटीतून पाहिलं. "कानांचा राग नाही आला?"

"आई तर लहानपणापासून तेच म्हणते."

ती खुदकन हसली. मग पहिल्या पानावर तिनं लिहिलं, 'मोठ्या कानांच्या, जपून ठेवणाऱ्या माणसासाठी.'

"अहो, खूण राहिली! हे सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. आणि हे अहो-जाहो आता पुरे झालं तुझं."

तिनं बटण दाबलं. त्याच्या संगणकानं नवी प्रत उतरवायला घेतली, तोच लाल दिवा लुकलुकला – बॅटरी दोन टक्के.

तिनं झटकन स्वतःचा चार्जर उपटला आणि त्याचा लावला.