लबाडीचा व्यायाम

“कंबर उचलताय तुम्ही!” दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत समोरच्या भिंतीपाशी उभा असलेला माणूस हळूच म्हणाला.

ती चपापली. एरवी भर रहदारीत बस चालवणारी बाई, कुणाच्या बापाला न घाबरणारी. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टाच खुर्चीखाली न्यायची म्हटलं की ती जागच्या जागी थिजायची. टाके निघाले, हाड जुळलं, भीती काही जाईना. म्हणून ती गुपचूप एका बाजूने कंबर उचलायची. लांबून वाटावं, वा, वाकला गुडघा! फिजिओथेरपीच्या ताईसुद्धा फसल्या होत्या.

“तुम्हाला कसं कळलं?”

“चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.” तो हसला. तो रंगारी, शिडीवरून पडून खांद्याचं ऑपरेशन झालेलं. भिंतीवर बोटं चढवताना हात वर जाईना, की हा अख्खा कलंडायचा.

“महिनाअखेर गुडघा वाकला नाही, तर बस सुटली माझी. टेबलावर बसवणार आहेत,” ती बोलून गेली. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

त्याचं हसू मावळलं. “मग लबाडी बंद. माझीही. हा चांगला हात धरा... दुखलं की दाबा.”

तिने असा दाबला, की तोच कळवळला. “अहो ड्रायव्हरबाई, एवढा एकच धड आहे!”

ती रडता रडता हसली, आणि टाच थोडी मागे सरकली. दुखलं, खूप दुखलं. पण काही तुटलं नाही. मग रोजच तो हात लागू लागला.

महिनाअखेर डॉक्टरांनी तिला कामावर जायची परवानगी दिली. सांगायला ती धावतपळत आली, तर रंगाऱ्याचा हात खांद्याच्या वर जाईना. तोंड मात्र भलतंच वेडंवाकडं. तिने निरखून पाहिलं. खरं दुखलं की याचा डावा डोळा मिटतो... आज तो टक्क उघडा होता.

“लबाड! जातोय हात वर.”

“जातो,” तो कानापर्यंत लाल झाला. “पण बरा झालो म्हटलं, की ताई सुट्टी देणार. मग तुम्ही— तुम्ही कुठे भेटणार मला?”

ती हसू दाबत दाराकडे वळली.

“उद्या सकाळी समोरच्या थांब्यावर उभे राहा. हात पूर्ण वर करा. नाहीतर मी बस थांबवणार नाही!”

सकाळी थांब्यावर ही गर्दी. पण एक हात सगळ्यांच्या वर होता. तिने टाच मागे घेतली, कंबर जागची हलू न देता, आणि ब्रेक दाबला. बस थांबली.

“दुखलं?” त्याने पायरीवरूनच विचारलं.

“थोडं,” ती म्हणाली. “द्या हात.”