सत्तेचाळीस नंबरचा बेडूक

"सत्तेचाळीस नंबरची बाटलीच नाही!" बेडकांवर संशोधन करणारी मावशी रिकाम्या फळीकडे बघत मटकन स्टुलावर बसली.

सुट्टीत तिच्याबरोबर संग्रहालयात आलेली भाचरं, म्हणजे लाडाने खारूताई म्हणतात ती आणि तिचा धाकटा भाऊ भोपळा, चपापली. त्या बाटलीत होता नव्वद वर्षांपूर्वी पकडलेला, नामशेष मानलेल्या जातीचा बेडूक! जगात त्या जातीचा तेवढाच एक नमुना. मावशीला गेल्या महिन्यात ओढ्यात तस्साच जिवंत बेडूक सापडला होता. पण दोघांना ताडून पाहिल्याशिवाय विश्वास कोण ठेवणार?

तिघं अधीक्षकसाहेबांकडे धावली.

"पळाला असेल!" साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. कारकूनही हसला. त्याची नोकरी होती.

भोपळा मात्र खिडकीतल्या फुलदाण्या हुंगत होता. "ताई, गुलाबांना दवाखान्याचा वास येतोय!"

खारूताईने फुलदाणी उलटी केली. तळाला आकडा कोरलेला होता. सत्तेचाळीस!

"ही तर माझी बाटली!" मावशी ओरडली.

"टाकाऊतून टिकाऊ," साहेब अभिमानाने म्हणाले. "मेलेल्या बेडकांना काचेची चैन कशाला? सगळे मागच्या खोलीत बादलीत भरलेत. कचरागाडी येईलच. ती खोली बंद आहे, कुणी जायचं नाही. नियम म्हणजे नियम!"

भोपळ्याचे कान लाल झाले. खारूताईने मात्र शांतपणे कागद ओढून लिहिलं: 'जगातला एकमेव नमुना मी कचऱ्यात टाकत आहे.'

"बरोबर आहे, साहेब. फक्त खाली सही करा."

साहेबांनी सवयीने पेन उघडलं. वाचलं. पेन बंद केलं.

"सही कशाला? मी नुसतं तोंडी म्हटलं होतं!"

"मग कुलूप तरी हाताने उघडा!" भोपळा गरजला.

अर्ध्या मिनिटात किल्ली निघाली. बादलीत पंचवीस-तीस बेडूक शिळ्या भाजीसारखे कोंबलेले!

"यातला आपला कुठला?" भोपळ्याने विचारलं.

"पायाला बांधलेली चिठ्ठी बघा," मावशी म्हणाली. "जुनी माणसं नुसत्या बाटलीवर विसंबत नसत."

हातमोजे चढवून दोघं भिडली. दहावा, पंधरावा, विसावा...

"सत्तेचाळीस!"

दुपारी मावशीने भिंगाखाली बोटं, पडदे, पाठीवरचे ठिपके ओढ्यातल्या बेडकाच्या फोटोंशी ताडले. तंतोतंत तीच जात! ज्याला सगळ्यांनी मेलेला धरलं, तो ओढ्यात खुशाल डरावत होता.

"शाबास! आमच्या संग्रहालयाचा शोध!" साहेबांनी लगेच मावशीची पाठ थोपटली.

"आमच्या?" भोपळा उसळला.

"शोध या दोघांनी वाचवला," मावशी ठणकावून म्हणाली, "आणि अहवालात तसंच लिहिणार आहे मी! पोरांनो, उद्या ओढ्यावर येता? असे अजून किती आहेत ते मोजू."

"साहेबांना सांगायचं?" भोपळ्याने मावशीला हळूच विचारलं.

"अजिबात नाही! तिथे ते कारंजं बसवतील!"