भंगारातलं मीटर

पवन, ठेव तो पाना खाली. तुझ्या गाडीच्या लायटिंगला उद्याचा दिवस हाय की. बस इथं. चैताली, तू बी बस भावापाशी. निवृत्तीआजा लई फेकतो असं तुमी माघारी म्हनता, मला ठावं हाय. पर ही गोष्ट माझ्या साडूच्या पोराची, अभिमन्यूची. नेकनूरला ऱ्हातो. त्यानं सोता सांगितली, आन् सांगताना माझा हात सोडला न्हाई.

दोन हजार चोवीस साल. एप्रिलची अठरा तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी त्याच्या मेव्हणीचं लगीन, केजला. अभिमन्यूनं जुनी गाडी घेतलती, तिचं मीटर मेलेलं. स्पीडचा काटा झिरोवर झोपलेला, पेट्रोलचा काटा मनाला येईल तिकडं. लग्नात पाव्हनं हसतील, ह्याची त्याला चिंता! म्हनून सकाळीच बीडला गेलता. भंगारात तसल्याच गाडीचं चांगलं मीटर घावलं. पायापाशी लावायची निळी लाइटची पट्टी बी घेतली. मिस्त्री कावून पाहिजे, म्हनला, मोबाईलवर बघून मीच बसवतो. लई हुशार!

गाडी ओट्यापुढल्या पत्र्याखाली उभी. दिवसा तिथं बसवत न्हवतं, ऊन तसलं. जेवनं झाल्यावर काम काढलं. आधी बॅटरी सोडून ओट्यावर ठिवली. वायरीत हात घालायचा तर बॅटरी सोडायची, येवढी अक्कल व्हती त्याला. मीटर बसवलं, निळी पट्टी डॅशबोर्डखाली चिटकवली. टॉर्चला किडे येत व्हते म्हनून दारं वढून घेतली. काचा आधीपास्नंच वर व्हत्या.

बायको, वनिता, दोनदा येऊन गेली. "अवो, झोपा की आता! पहाटं निघायचंय."

"आलो. दोन स्क्रू ऱ्हायलेत."

अकरा वाजून वीस मिनिटं. शेवटचा स्क्रू आवळला, टॉर्च बंद केली. आन् बघतो तर मीटर पेटलेलं.

हसू नगंस बे पवन. बॅटरी कुठं व्हती, सांग.

हां. ओट्यावर.

स्पीडचा काटा हलला. गाडी जाग्यावर, इंजिन बंद. वीस. चाळीस. साठ. काटा नव्वदला गेला आन्... एकदम झिरो.

मग पायाशी निळी पट्टी लागली.

अभिमन्यूनं दार उघडायला हँडल वढलं. खटका वाजला, पर दार हलंना. खांदा लावला. बाहीरनं कुनी अंगाचा भार टाकून उभं असल्यावानी. शेजारचं दार, तेच. मागची दारं, तेच. काचा खाली घ्याव्या तर त्या बटनावरच्या, आन् बॅटरी बाहीर. घाबरला. घाबरनारच की! तू असतास तर काय केलं असतंस?

आता नीट ऐका. निळा उजेड पायापाशी व्हता, तो गुडघ्यापर्यंत आला. पसरला न्हाई. चढला. खाली निळं, वर काळं, मधी सरळ रेघ. ती रेघ हळूहळू वर येत व्हती.

तेवढ्यात घराचं दार वाजलं. वनिता ओट्यावर आली. त्यानं दोनी हातानं काच बडवली. "वनिता! अगं ए वनिता!"

ती चार पावलांवर उभी. गाडीकडं बघितलं. जांभई दिली. "डोळा लागला वाटतं," असं म्हनली... आन् आत गेली. कडी लागल्याचा आवाज त्याला सपष्ट आला. त्याचा आवाज मातर तिला...

रेघ कंबरंला. रेघ छातीला. श्वास पुरंना.

खट.

डाव्या अंगाला. शेजारच्या सीटवर. त्यानं मान वळवली. सीट रिकामी. पर पट्टा लागलेला. सीटला टेकलेला न्हाई... वितभर पुढं. ताठ. आन् पट्टा सोडायचं लाल बटन आपोआप दबत व्हतं.

खट... खट... खट...

पट्टा सुटत न्हवता.

तवा त्याला कळलं, असं म्हनतो. आपल्याला कुनी धरून ठिवलं न्हाई. आपल्या आधी इथं कुनी तरी अडकलंय. लई कीव आली त्याला, भ्यालेल्या जिवाला बी.

रेघ हनुवटीला. मांडीवर वायर कापायचा कटर. उचलला. पट्ट्यावर घातला. एकदा... दोनदा... तुटला.

अंधार.

दार नुसत्या कोपराच्या धक्क्यानं उघडलं. तो कोरड्या मातीत पडला आन् खोकत ऱ्हायला. वनिता पळत आली. ती आजून शप्पत घेऊन सांगती, मी बघितलं तवा गाडीत अंधारच व्हता, आन् हे स्टेरिंगवर मान टाकून गप बसले व्हते.

लगीन ऱ्हायलं बाजूला. सकाळी त्यानं मीटर काढलं आन् बीडला भंगारवाल्यापुढं ठिवलं. खरं सांग, म्हनला. तो म्हनला, गाडी गेवराईकडनं आलती. रातीची कालव्यात गेलती. चालवनारा काचंतून निघाला. शेजारी बाई व्हती, तिचा पट्टा सुटलाच न्हाई.

तिसऱ्या दिवशी आंघोळीला सदरा काढला आन् वनिता वरडली. छातीवर काळानिळा वळ. तीन बोटं रुंद, खांद्यापास्नं कमरंपर्यंत तिरका. त्या राती त्यानं सोता पट्टा लावलाच न्हवता.

अंबाजोगाईला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांना एक शब्द सांगितला न्हवता. त्यांनी वळावरनं बोट फिरवलं.

"सीटबेल्टचा वळ आहे. अपघात कधी झाला?"

अभिमन्यूनं सदरा अंगात चढवला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच व्हतो साहेब, स्टेरिंगवर."

"नाही हो," डॉक्टर म्हनले. "चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. तुमचा वळ डाव्या खांद्यावरून आलाय. तुम्ही शेजारी बसला होतात."

अभिमन्यूनं सदऱ्याची बटनं लावली. गळ्यापर्यंत.

दोन वर्सं झाली, पोरांनो. वळ आजून गेला न्हाई.